पाणी न पिणारा पुंजाराम

पुंजारामाचं तोंड अर्धा दिवस बंद राहिलेलं वऱ्हाडात एकदाच घडलं, आणि त्या एका दिवसात एका चांगल्या बाईचं कुंकू पुसता पुसता राहिलं. एरवी हा माणूस झोपेतही बोलायचा. त्याची बायको रुख्मिणी शेजारणींना सांगायची, "बाई, रात्रभर डोयाले डोया लागू देत नाई. कोन्या शिपायाले गोयी कोठी लागली, कोनाचा ताप उतरला, समदं झोपेत सांगते हा मानूस. मले तं अख्खी पलटन पाठ झाली!"

पुंजाराम भातकुलीकडच्या माळ्याचा. घरचा मळा होता. वांगी, मेथी, दसऱ्याला झेंडू. वांगी पोचवायला जायचा त्या पंतोजींकडून त्यानं मोडी उचलली. पंतोजी म्हणत, पोराचं अक्षर वांग्यासारखंच, गोल आणि काटेरी. तेवढ्यावर अकोल्याच्या बाजूच्या छावणीत, पलटणीच्या दवाखान्यात त्याला कारकुनी मिळाली. मागे राहिलेल्या भावानं, शेषरावानं, पुढे मळ्याचं काय केलं ते वऱ्हाडात त्या सालांत सगळ्यांनीच केलं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि आपली पराटी, म्हणजे कपाशी, सोन्याची झाली. शेषरावानं वांगी उपटून पराटी लावली, झेंडू उपटून पराटी लावली, आणि तुळशीच्या ओट्याभोवती वीतभर मोकळी जागा दिसली तिथंही सरकी टोचली. घरात वरणावर टाकायला कोथिंबीर नव्हती, पण बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या.

पुंजाराम भावाला चिडवायचा, "अबे, बैलाले दागिने घातले, आता वयनीले शिंगं बशीव."

तर त्याचं काम. डोलीतून जखमी आला की डाक्तर साहेब जखमेकडे पाहायचे आणि पुंजाराम तोंडाकडे. नाव काय, बापाचं नाव काय, घाव कुठे, गोळीचा की तलवारीचा, टाके घातले की नुसती पट्टी, खाण्यात पेज की भाकर. आठवड्याला याचा तक्ता वरच्या कचेरीत जायचा. तक्त्यात शेवटी एकच शब्द लागायचा: बरा, आजारी, नाहीतर मयत. कचेरीला तेवढं पुरे. गावाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

पुंजारामानं तो आपल्या मनानं काढला. कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहायचा: "चिंचेजवळचं घर, दारात बांडी कुत्री. आईला कळवणे, बापाला एकदम सांगू नये." पट्टी बांधताना शिपाई कळवळला की हा विचारायचा, "सासू कशी हाये गा तुही?" शिपाई सासूच्या नावानं जे सुरू व्हायचा, तोवर पट्टी बांधून झालेली असायची. साहेबांना वाटायचं, कारकून मंत्रबिंत्र म्हणतो.

बऱ्या होणाऱ्यांचा निरोप तो कापसाच्या बंड्या हाकणाऱ्यांबरोबर धाडायचा. मयताचा मात्र स्वतः घेऊन जायचा. कापसाच्या ढिगावर बसून मरणाचा सांगावा जाऊ नये, असं त्याचं म्हणणं. आणि इथंच आपल्याकडची ती रीत त्याच्या नशिबी आली. मरणाचा सांगावा आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही. अंगणात उभा राहतो. घरचे त्याला काही विचारत नाहीत. विचारायला जीभ उचलत नाही. नुसता पाण्याचा गडवा पुढे करतात आणि त्याच्या हाताकडे पाहतात. हात गडव्याकडे गेला तर जीव भांड्यात. हात मागे गेला, की बोलायची गरजच उरत नाही.

पुंजारामाचा हात नेहमी मागेच गेला. उन्हातान्हात कोसचे कोस चालून यायचं, जिभेला कोरड पडलेली असायची, आणि समोरचा गडवा हातानं सारायचा. होता होता तो दुरून दिसला की बाया लेकरांना आत ओढायला लागल्या. लग्नकार्यात त्याला पत्रिका येई, पण आग्रह होत नसे. एवढा बोलका, हसरा माणूस, पण त्याला पाहून हसणारं तोंड गावागावांतून कमी होत गेलं. सख्खी आत्यासुद्धा दारातून विचारायची, "काहून आला रे?" पुंजाराम म्हणायचा, "आत्या, तुह्या हातचा झुनका खायाले." ती म्हणायची, "मंग आधी पानी पे!" तो गडवा रिकामा करायचा, तेव्हा कुठे आत्या चुलीपुढे बसायची.

त्या वर्षी डोंगराच्या अंगाला दरवडेखोर माजले. कापूस विकून परतणाऱ्या बंड्या लुटायचे. पलटणीची एक तुकडी त्यांच्यामागे गेली, चकमक झाली, आणि भातकुलीच्या अलीकडच्या गावचा सूर्यभान मांडीत गोळी घेऊन डोलीतून आला. साहेबांनी त्याला भुलीचं औषध हुंगवून गोळी काढली. मग ताप चढला. पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. साहेबांनी आणखी थोडी वाट पाहिली, जखम रोज धुतली, आणि एका सकाळी ताप उतरला. सूर्यभानानं डोळे उघडून पहिल्यांदा भाकर मागितली आणि दुसऱ्यांदा पुंजारामाला.

"भाऊ, मले गोयी लागल्याचं बंडीवाल्यायनं गावात सांगतलं असन. मी वाचलो हे कोन सांगन? माही सुभद्रा जीव देईन. तुमी सोता जा."

बंडीवाले तर कुणासाठी थांबायला तयार नव्हते. बाजार पडायच्या आत कापूस अमरावतीला पोचवायची घाई. पुंजारामानं साहेबांकडून रजा घेतली आणि एका बंडीवर चढला. किती आनंदात होता! इतकी वर्षं गावोगाव गेला, पण स्वतः चांगला सांगावा घेऊन जायची ही पहिलीच खेप. वाटभर तो काय काय बोलायचं ते जुळवत होता. आधी गडवा उचलायचा, घटाघटा प्यायचं, मग मिशा पुसायच्या, मग सांगायचं. बंडीवाला कंटाळून झोपला तेव्हा त्यानं बैलांना सांगितलं.

पण दाढ! मूर्तिजापूर सोडलं आणि दाढ ठणकायला लागली. अमरावतीच्या बाजारात पोचेपर्यंत गाल वांग्याएवढा झाला. दवाखान्यात साहेबांच्या चिमट्याला भिऊन हीच दाढ त्यानं वर्षभर लपवली होती. आता बाजारातला एक हकीम दिसला, त्याच्यापुढे जाऊन बसला. हकिमानं दाढ उपटली, अफूचा लेप लावला आणि शेजारून जाणाऱ्या बंडीतून चिमूटभर कापूस ओढून त्याचा बोळा खड्ड्यात दाबला. बंडीवाला ओरडला, "ए, फुकटचा हाये का कापूस?" हकीम म्हणाला, "अरे, याच्या तोंडात ठेवून राहिलो, घरी नाई नेऊन राहिलो."

मग पुंजारामाला बजावलं, "मियाँ, सूरज डूबेपर्यंत तोंड उघडायचं नाई, बोलायचं नाई, पानी तं बिलकूल नाई. खून सुरू झाला तं थांबनार नाई. एक जन असाच गेला."

रक्त थांबत नाही म्हणजे काय होतं, हे पुंजारामानं दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलेलं. त्यानं दात घट्ट आवळले. अफूनं जीभ जड झाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, डोक्यात एकच वाक्य घुमत राहिलं: पानी नाई, पानी नाई. आणि तसाच तो भर दुपारी सूर्यभानाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

सूर्यभानाचा बाप नत्थुजी ओसरीवर बसला होता. आई पार्बताबाई दारात. सून सुभद्रा सुपात तूर पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं. नत्थुजी हळूच उठला. "ये बाप्पा पुंजाराम," एवढंच म्हणाला. मग आत न पाहता म्हणाला, "पोरी, पानी आन."

सुभद्रानं गडवा आणला. शेजारपाजारचे कुंपणापाशी गोळा झाले. सुभद्रानं गडवा पुढे धरला.

पुंजारामाला तहान लागली होती. हात थोडा पुढे गेलासुद्धा. तेवढ्यात हकीम आठवला. त्यानं हात मागे घेतला आणि, आता नको, सांजच्याला, अशा अर्थानं मान हलवून गडवा हळूच बाजूला सारला.

पार्बताबाई उंबऱ्यातच खाली बसली. "माहा सूर्या गेला वं माय!"

एकच आकांत झाला. पुंजारामानं असे आकांत इतक्या अंगणांत ऐकले होते, की त्यानं सवयीनं मान खाली घातली. हो, घातली! एरवी दुसऱ्याच्या चुकांवर हसणारा हा शहाणा त्या घटकेला विसरूनच गेला की आज सांगावा वेगळा आहे. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

"म्म! म्म्म!" त्यानं हात हलवले. अफूनं सुन्न झालेली जीभ टाळूला चिकटलेली.

कुंपणावरून एक म्हातारा म्हणाला, "पाहा, पुंजारामाले बोलवत नाई! ज्याचं तोंड देवानं कधी मिटवलं नाई, त्याच्या तोंडून शब्द निंगत नाई. मंग काय राह्यलं गा!"

पुंजारामानं मांडी थोपटून दाखवली.

"मांडीत गोयी लागली म्हन्ते," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं.

त्यानं जोरानं होकार भरला. मग दोन्ही हात गालाखाली धरून मान कलती केली. खाटेवर निवांत पडला आहे, असं त्याला सांगायचं होतं.

"झोपला!" पार्बताबाईनं ऊर बडवला. "कायमचा झोपला माहा सोन्या!"

पुंजारामानं कपाळावर हात मारून घेतला. ते तर आणखीनच वाईट झालं. मग त्याला निघताना दवाखान्यातून आणलेल्या कागदाची आठवण झाली. फेट्यातून काढून त्यानं तो नत्थुजीपुढे धरला. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. पण वाचणार कोण? गावात वाचणारे एक कुळकर्णी, ते सकाळीच कापूस घेऊन अमरावतीच्या बाजारात गेलेले. नत्थुजीनं कागद कपाळाला लावला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "कागद बी आला. सरकारचा कागद आला."

शेजारची मनकर्णाबाई, स्वतः विधवा झालेली म्हातारी, पुढे आली. तिनं सुभद्राला जात्याशेजारी बसवलं. सुभद्रा रडत नव्हती. ती पुंजारामाच्या तोंडाकडे पाहत होती. त्या सुजलेल्या गालाकडे, त्या हलणाऱ्या हातांकडे.

"आत्या, थांबा वं जरा," ती म्हणाली. "भाऊ काई सांगून राहिले."

"काय सांगनार पोरी," मनकर्णाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मले बी असंच वाटलं होतं."

आणि तिनं सुभद्राचा डावा हात जात्याच्या कडेवर टेकवला. बांगड्या फुटल्या. हिरव्या काचा अंगणभर उडाल्या. मनकर्णाबाईनं उजवा हात धरला.

पुंजारामानं मागचापुढचा विचार केला नाही. हकिमाची ताकीद विसरला, रक्त विसरला, असाच गेलेला तो एक जणही विसरला. त्यानं दोन ढांगांत अंगण ओलांडलं, तोंडातला बोळा उपसून फेकला, आकांतात सुभद्राच्या हातून पडलेला गडवा उचलला. त्यात घोटभरच उरलेलं. तो पिऊन त्यानं रांजणात गडवा बुडवला, भरला, आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायला. हनुवटीवरून तांबडं पाणी ओघळलं, सदरा भिजला. दुसरा गडवा भरला. तोही प्यायला. ठसका लागला, तरी प्यायला.

मनकर्णाबाईच्या हातात सुभद्राचं मनगट तसंच राहिलं.

"पानी पेला," नत्थुजी पुटपुटला.

"पानी पेला!" पार्बताबाई उठून उभी राहिली. "अवं, हा पानी पेला! माह्या घरचं पानी पेला!"

पुंजारामानं तिसरा गडवा भरला, तो मात्र पुरा जाईना. गडवा छातीशी धरून तो अंगणात फतकल मारून बसला आणि त्याच्या तोंडातून, जड जिभेनं का होईना, एक शब्द निघाला: "जित्ता."

मग दाढ, हकीम, बोळा असे तुटक शब्द निघाले, आणि पार्बताबाईनं त्याला जे धरलं! "मुडद्या! तोंडात बोया घालून येते का कोनी सांगावा घेऊन? तुह्या दाताचं गेलं उडत, माही सून रांडव करत होता! मढं नेलं त्या हकिमाचं! अरे सटव्या, पानी पेयाले तुले काय मुहूर्त पायजे होता?" शिव्या देता देता ती त्याच्या हिरडीवर हळद दाबत होती, पदरानं त्याची हनुवटी पुसत होती, आणि रडत होती. पुंजाराम वर तोंड करून त्या शिव्या पावसासारख्या अंगावर घेत होता. इतकी वर्षं त्याच्या सांगाव्यापुढे माणसं दगडासारखी गप्प झाली होती. त्याला कुणी शिवी दिली नव्हती, जवळ घेतलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं तो या शिव्या क्रमवार म्हणून दाखवायचा, आणि एखादी राहिली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

रक्त थांबलं, बरं का. हकीम खोटा पडला, नाहीतर हळद खरी ठरली. सांजच्याला कुळकर्णी परत आले, त्यांनी कागद वाचून दाखवला: मांडीतली गोळी काढली, ताप उतरला, पाय शाबूत. तोवर पुंजारामाची जीभ सुटली होती, आणि कागदात नव्हतं ते सगळं त्यानं सांगितलं. सूर्यभानानं कशी भाकर मागितली, कशी वांग्याची भाजी नको म्हणाला, भुलीच्या औषधात कोणाचं नाव घेतलं. तिथे सुभद्रानं तोंड फिरवलं आणि बाया हसल्या. त्या अंगणात, जिथे दुपारी काचा उडाल्या होत्या.

नत्थुजी उठला आणि पुंजारामाच्या पायांकडे वाकला. पुंजारामानं त्याला वरच्यावर धरलं.

"हे काय मामा? मी तं पोरीचा अर्धा संसार मोडून बसलो."

"मोडला नाई बाप्पा," नत्थुजी म्हणाला. "तू जीव देऊन पानी पेला. येवढं कोन करते?"

"मी नाई, माह्या तहानेनं केलं," पुंजाराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो अशा घरी जेवायला बसला, जिथे सांगावा घेऊन गेला होता. पार्बताबाईनं पातळ पेज केली, आणि ती पेज त्याला बासुंदीपेक्षा गोड लागली.

दुसऱ्या दिवशी नत्थुजीनं बैल जुंपले. कापूस घरात पडून राहिला. बाजार चढो की पडो, त्यानं पाहिलं नाही. सून आणि सासरा पुंजारामाबरोबर छावणीला गेले. दवाखान्यात बायांना आत घेत नसत, पण साहेबांनी पुंजारामाच्या गालाकडे पाहिलं, सगळी हकिकत ऐकली आणि ते खूप हसले. मग म्हणाले, ओसरीत बसू द्या.

सूर्यभानाला खाटेसकट ओसरीत आणलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. उजव्या हातात बांगड्या भरलेल्या, डावं मनगट बोडकं.

"हे काय वं?"

सुभद्रानं पदराखाली हात लपवला. पुंजारामानं सांगितलं. अगदी सगळं, आपल्या मूर्खपणासकट.

सूर्यभान ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंजे मी अर्धा मेलो होतो म्हना ना."

"डाव्या अंगानं," पुंजाराम म्हणाला. "मांडी बी डावीच."

सुभद्राला हसू आलं आणि हसता हसता ती रडली. गावात रडली नव्हती तेवढं सगळं तिथं रडली. खाटेचा पाय धरून बसली. तिनं ठरवलं, नवरा आपल्या पायांनी दवाखान्याची पायरी उतरेल तेव्हाच डावा हात भरायचा, तोवर नाही. सासऱ्यानं समजावलं, आसपासच्या शिपायांच्या बायकांनी समजावलं, की असा हात मोकळा ठेवू नये, अभद्र असतं. ती म्हणाली, "ज्यायनं अभद्र म्हटलं त्यायनंच फोडल्या." शेवटी तिनं डाव्या मनगटाला हळदीचं सूत बांधलं, आणि छावणीतल्या एका ओळखीच्या घरी राहून सूर्यभानाला भाकर करून घालत राहिली.

पिकं निघून वावरं उघडी पडली तेव्हा सूर्यभान काठी टेकत, लंगडत, पण आपल्या पायांनी खाली उतरला. पुंजारामानं तक्त्यात लिहिलं: बरा, रजा दिली. शाई वाळायच्या आधीच तो त्या दोघांच्या मागे छावणीच्या बाजारात गेला. कासाराच्या दुकानापुढे सुभद्रा बसली. सूर्यभान काठीवर रेलून बांगड्या निवडायला लागला आणि त्याला एकही पसंत पडेना.

"लवकर कर ना गा," पुंजाराम म्हणाला. "गोयी काढाले साहेबाले येवढा वेय नाई लागला."

शेवटी हिरव्याच निघाल्या, पण रंग जरा उजळ. कासारानं डाव्या हातात भरल्या आणि दोन्ही मनगटं शेजारी धरून पाहिली. त्याचं मन भरेना.

"बाई, रंग मिळत नाही. उजव्या जुन्या झाल्यात. त्या उतरवतो, दोन्हीकडे सारख्या भरू."

सुभद्रानं उजवा हात चटकन मागे ओढला.

"त्याले हात नोको लावू," ती म्हणाली. "डाव्या मालकायनं घेतल्या. ह्या माह्या भावानं देल्लेल्या हायेत."

कासारानं विचारलं, "कुठे असतो भाऊ?"

तिनं बोट दाखवलं. पुंजाराम तोवर तोंड फिरवून गाल चोळायला लागला होता. दाढ गेली तरी तिथे अजून ठणकतं, असं तो सूर्यभानाला सांगत होता.